रुमालाखालचं दुखणं

दिवाळीचे आकाशकंदील अजून खाली उतरलेले नसतात, तेवढ्यात आमच्या अपघात विभागाबाहेरचा लांब बाक भरायला लागतो. सकाळी साडेसातलाच. अंगात स्वेटर, त्यावर ठेवणीतला कोट, कानाला मफलर, खांद्यावर धुतलेला पांढरा रुमाल आणि मांडीवर प्लॅस्टिकची फाइल. नांदेडात नोव्हेंबर आला हे कुणाला गोदाकाठच्या धुक्यावरून कळत असेल, कुणाला तुरीच्या पिवळ्या फुलांवरून. मला या बाकावरून कळतं.

आमचा दवाखाना माजी सैनिकांचा, आणि नोव्हेंबर हा त्यांच्या हयातीच्या दाखल्याचा महिना. पेन्शन चालू राहायची तर वर्षातून एकदा बँकेला आपण जिवंत असल्याचं सहीनिशी सांगावं लागतं. आता हे काम मोबाईलसमोर तोंड धरूनही होतं, पण आमच्या म्हाताऱ्यांचा त्यावर भरवसा नाही. परवा एक हवालदार मला म्हणाले, "मोबाईलला काय कळून राहिलंय, मी जित्ता हाय का माझा फोटो? बँकेतल्या माणसानं डोळ्यांनी बघितलेलं बरं." म्हणून हिमायतनगर, धर्माबाद, देगलूर, कुठून कुठून ते पहाटेच्या गाडीनं येतात. शहरात आलोच आहोत तर महिन्याच्या गोळ्याही घेऊन जाऊ, म्हणून बँक उघडेपर्यंत आमच्याकडे बसतात.

बसण्याचीही रीत आहे. दाराजवळ सुभेदार, मग हवालदार, मग नाईक, टोकाला शिपाई. नोकरी सोडून कुणाला वीस वर्षं झाली, कुणाला तीस. कुणी पिठाची गिरणी चालवतो, कुणी दोन म्हशी सांभाळतो. पण बाकावरचा क्रम चुकत नाही. उशिरा आलेला सुभेदार दिसला की अख्खा बाक न बोलता एक वीत पुढं सरकतो. पहिल्या वर्षी मला हे बघून हसू आलं होतं. आता सिस्टरांनी कुणाला चुकीच्या जागी बसवलं तर मलाच चुकल्यासारखं होतं.

येताना ते सीताफळं आणतात. दगडासारखी कडक. वर बजावतात, "चार दिवस ज्वारीत ठेवा बाई, घाई करू नका." माझ्या फ्लॅटमध्ये ज्वारीची कणगी कुठून येणार? पण मी एका डब्यात मुद्दाम थोडी ज्वारी ठेवते. नोव्हेंबरपुरती. डबा उघडला की सीताफळाचा आणि जोंधळ्याचा मिळून जो वास येतो, तो माझ्यासाठी या महिन्याचा वास आहे. त्यात स्पिरिटचा वासही थोडा मिसळलेला असतो. तो माझ्या हातांचा.

या माणसांवर मी पहिली दोन वर्षं नुसती चिडत होते. कारण एकच. ती दुखणं सांगत नाहीत. अपघात विभागात डॉक्टरचं अर्धं काम कानांनी होतं. कुठं दुखतं, केव्हापासून, किती? बाकीचं जग याची उत्तरं वाढवून देतं. शहरातला माणूस ठेच लागली तरी दहापैकी दहा सांगतो, मग मी मनातल्या मनात निम्म्यावर आणते. ते मला जमतं. भाव पाडणं माझ्या रक्तात आहे. भाजीवाल्या मला बघून आधीच चढवून सांगतात, कारण मी पाडणार हे त्यांना ठाऊक आहे. पण जो विकणारा स्वतःच मातीमोल सांगतो, त्याच्याशी सौदा कसा करायचा?

"कसं आहे?" "ठीक हाय." "दुखतंय?" "जरासं." बस. फौजेत म्हणे सकाळी आजारी असल्याचं सांगणारा माणूस कामचुकार ठरायचा. नोकरी सुटली, वर्दी ट्रंकेत गेली, पण ती भीती अंगातून गेली नाही.

धर्माबादचे एक नाईक होते. पोटात जरासं दुखतं म्हणाले. चालत आले, ताठ उभे राहिले, मी पोट दाबलं तेव्हा डोळ्यांची पापणी हलवली नाही. मी त्यांच्या शब्दावर विसंबले, जळजळीचं पातळ औषध लिहून दिलं. दोन दिवसांनी त्यांच्या बायकोनं त्यांना जीपमध्ये घालून आणलं. आतड्याला भोक पडलं होतं. ऑपरेशन झालं, ते वाचले. शुद्धीवर आल्यावर मी समोर दिसताच त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "चुकलं बाई, रिपोर्ट नीट दिला न्हाई." मी त्यांच्यावर एवढी ओरडले की वॉर्डातली सिस्टर धावत आली. रात्रभर स्वतःवर ओरडत राहिले ते वेगळंच. चूक माझी होती. मी भाव ऐकला, माल बघितला नाही.

माल बघणं मला यायला हवं होतं. मी हेड्याची मुलगी.

हेडी म्हणजे बैलांचे सौदे जमवून देणारा. आमचं गाव शिरूर अनंतपाळकडचं, आणि माझे वडील, आप्पा, हाळीच्या बैलबाजारातले नावाजलेले हेडी. देवणी असो की लाल कंधारी, बैलाच्या पाठीवरून एकदा हात फिरवला की तो कुठल्या खांद्याला कमजोर आहे ते सांगायचे. मी त्यांच्याबरोबर बाजाराला जायची. शेणाचा, कडब्याचा, तळणाऱ्या भज्यांचा वास. हजारभर बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज. आणि त्या सगळ्या गोंगाटात मधूनच एक गप्प जागा. दोन माणसं समोरासमोर उभी. आप्पांनी त्यांच्या हातांवर रुमाल टाकलेला. रुमालाखाली बोटं बोलतायत. एक बोट दाबलं की एक, पंजा धरला की पाच. वर चेहरे दगडाचे. भोवती पन्नास माणसं, पण आकडा त्या दोघांना आणि आप्पांनाच माहीत.

मी अकरा वर्षांची असताना आप्पांनी माझ्या भावाचा हात रुमालाखाली घेतला आणि त्याला बोटं शिकवली. तो माझ्याहून दोन वर्षांनी लहान. त्याचं लक्ष भज्यांकडे. मी म्हटलं, मला शिकवा. आप्पा म्हणाले, "बाईमाणसाच्या हातावर रुमाल पडत नसतो, माय." आणि माझ्या हातात बैलाचं दावं दिलं. धर, म्हणाले.

मी ते दावं पाच वर्षं धरलं. भावाची आज लातूरला फरशांची शोरूम आहे. चांगला माणूस आहे, माझा त्याच्यावर राग नाही. म्हणजे अगदीच नाही असं नाही. पुढं मेडिकलला नंबर लागला तेव्हाही घरात प्रश्न एवढाच होता की पोरीला एवढं कशाला. मी शिकवण्या घेतल्या, वसतिगृहाच्या रेक्टरशी भांडले, जुनी पुस्तकं घासाघीस करून घेतली, वापरून पुन्हा त्याच भावाला विकली. जे मिळवलं ते मिळवलं. पण कुणी विचारलं की तुझं काय राहून गेलं, तर मला डिग्री आठवत नाही, घर आठवत नाही. तो रुमाल आठवतो.

एक मात्र झालं. रुमालाखालचं मला दिसत नव्हतं, म्हणून मी चेहरे वाचायला शिकले. आकडा वर गेला की विकणाऱ्याच्या जबड्याखाली एक शीर उडते. घेणारा अडला असेल तर त्याचा उजवा पाय मातीत रुततो. दावं धरून उभ्या राहणाऱ्या पोरीनं हे सगळं बघून ठेवलं होतं. फक्त ते दवाखान्यात वापरायचं असतं, हे तिला धर्माबादच्या नाईकांनी शिकवलं.

आणि रुमाल कशासाठी असतो, ते सुभेदार किशनरावांनी.

तोही नोव्हेंबरच होता. किशनराव हिमायतनगरकडचे. तालुक्यातले सहा माजी सैनिक त्यांच्याबरोबर होते, सगळे हुद्द्यानं खालचे. गाडीचं तिकीट काढण्यापासून बँकेतल्या रांगेपर्यंत सगळं सुभेदार ठरवणार. ते दाराजवळ आपल्या जागी बसले होते. शोभा सिस्टर आत येऊन हळूच म्हणाल्या, "बाई, त्या सुभेदारांचा कोट पाठीवर भिजलाय."

नोव्हेंबरच्या सकाळी. बाहेर माणसं हातावर हात चोळत होती.

मी त्यांना आत घेतलं. सहाही जण मागोमाग आले आणि पलंगाभोवती उभे राहिले. विचारलं, छातीत काय होतंय? म्हणाले, काही न्हाई, स्टेशनावर भजे खाल्ले त्याचं हाय. दहापैकी किती दुखतंय? त्यांनी आपल्या माणसांकडे एक नजर टाकली. "एक," म्हणाले. "एक म्हणजे बी लई झालं." माणसं हसली. मी त्या सगळ्यांना बाहेर काढलं. ते पडद्याच्या पलीकडं, तीन पावलांवर जाऊन उभे राहिले. फटीतून बघत.

ईसीजीची पट्टी काढली. काहीतरी होतं, पण बोट ठेवून सांगावं असं नव्हतं. असं असतं पुष्कळदा. सुरुवातीला पट्टी बोलत नाही. पंधरा मिनिटांनी पुन्हा काढायची, तोवर माणूस हलू द्यायचा नाही. हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं, बँक उघडायची वेळ झाली म्हणाले, आणि पाय खाली सोडून कोटाची बटणं लावायला लागले.

माझा संताप ही माझी जुनी खोड. मी अख्ख्या विभागाला ऐकू जाईल असं ओरडले, "जिवंत असल्याचा दाखला द्यायला निघालात ना? तिथवर जिवंत पोचाल तरी का?"

पडद्यापलीकडची कुजबुज थांबली. किशनरावांनी बटण लावायचं थांबवलं नाही. शांतपणे म्हणाले, "डॉक्टरसाहेब, माझ्या माणसांसमोर आवाज चढवू नका."

मी काय करून बसले ते मला त्याच क्षणी कळलं. या माणसानं आयुष्यभर पोरांना शिकवलं होतं की दुखणं गिळायचं. ती पोरं म्हातारी होऊन पडद्याआड उभी होती. त्यांच्यासमोर हा 'एक' म्हणून गेला होता. आता तो पलंगावर राहिला असता तर एका बाईच्या ओरडण्याला भ्याला असं झालं असतं. त्याचा परतीचा रस्ता मीच बंद केला होता. जबरदस्ती करता येत नव्हती. शुद्धीतला माणूस, नाही म्हणाला की नाही. त्यांच्या जबड्याखाली शीर उडत होती. ओठांभोवती राखाडी रंग चढत होता. आणि ते उभे राहत होते.

हाळीचा बाजार मला तेव्हा आठवला. भर बाजारात तोंडानं आकडा बोललेला माणूस मागं फिरू शकत नाही, चार लोक हसतात. म्हणून रुमाल. मला इतकी वर्षं वाटत होतं की रुमाल भाव लपवायला असतो. तो माणसाची पत राखायला असतो.

मी त्यांच्या खांद्यावरचा रुमाल उचलला, त्यांचा उजवा हात हातात घेतला आणि वर रुमाल टाकला.

ते थबकले. जन्मभर बैल घेतलेला-विकलेला शेतकरी माणूस, त्याला खूण सांगावी लागत नाही. माझ्याकडं निरखून बघत म्हणाले, "कुणाची तुम्ही?"

"हेड्याची," मी म्हटलं. "शिरूर अनंतपाळकडची."

मी त्यांचं एक बोट दाबलं. त्यांनीच सांगितलेला भाव. आणि वाट बघितली. पडद्याच्या फटीतून सहा जोडी डोळे रुमालाकडे बघत होते. "सांगितलं न्हवं, एक," ते मोठ्यानं म्हणाले. आणि रुमालाखाली त्यांचा गार, ओला हात उघडला आणि त्यानं माझा पंजा धरला. अख्खा. सोडला. मग चार बोटं धरली.

नऊ.

मग त्यांचा अंगठा माझ्या मनगटावरून वर सरकत कोपरापर्यंत गेला आणि तिथं थांबला. दुखणं हातात कुठवर उतरलंय, हे मी विचारलंही नव्हतं.

"बरं, एक," मीही मोठ्यानं म्हणाले. "एकच आहे. पण माझ्या समाधानासाठी जरा पडून राहा."

किशनराव पलंगावर मागं टेकले आणि पडद्याकडं बघून म्हणाले, "डॉक्टरसाहेब ऐकून न्हाई राहिल्या. पडतो जरा." बाजारातला नियमच आहे, बोटांनी दिलेला शब्द तोंडानं मोडायचा नसतो.

पुढचं सगळं भराभर झालं. गोळ्या चावायला लावल्या, सलाईनची सुई घातली. दुसऱ्या पट्टीवर जे उमटलं ते वाचायला डॉक्टर असण्याची गरज नव्हती. शहरातल्या हृदयाच्या दवाखान्याला फोन केला, तर तिथला डॉक्टर म्हणाला, बेड नाही. मी म्हटलं, बेड मागतेय कोण, मी माणूस स्ट्रेचरसकट पाठवते, बेड मोकळा होईपर्यंत स्ट्रेचर तुमचंच. तो नाही म्हणत राहिला आणि मी पत्ता विचारत राहिले. शेवटी त्यानं कुठल्या दारानं यायचं ते सांगितलं. अँब्युलन्सपाशी सहाही जण ओळीत उभे होते. टोकाच्या शिपायानं सुभेदारांची फाइल छातीशी धरली होती.

किशनराव वाचले. दाखलाही बँकेत पोचला, महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात. मी त्यांना भेटायला गेले तेव्हा बोलता बोलता त्यांना त्या दाव्याची आणि रुमालाची गोष्ट सांगितली. का सांगितली कोण जाणे, मी ती कुणाला सांगत नाही. ते म्हणाले, "मंग त्या दिशी पहिल्यांदाच?" मी म्हटलं, "हाव."

त्यानंतर आमच्या विभागात एक रीतच पडून गेली. मी पाडली नाही, बाकानं पाडली. नोव्हेंबरात माणूस आत येतो, तोंडानं "ठीक हाय" म्हणतो आणि खांद्यावरचा रुमाल काढून हातावर टाकतो. कुणी तीन दाबतो, कुणी सात. ज्याच्याकडं रुमाल नसेल त्याच्यासाठी सिस्टर धुतलेला ठेवतात. नवे डॉक्टर येतात, त्यांना वाटतं तो घाम पुसायला आहे. आणि हिशेब माझ्या बाजूनंच जास्त झुकतो. या माणसांनी मला आवाज खाली आणायला शिकवलं. तीस वर्षं मी प्रत्येक गोष्ट वरच्या पट्टीत मागून घेतली होती. हात धरून गप्प उभं राहिलं तरी समोरचा देतो, हे मला ठाऊकच नव्हतं. ज्या जागेवर मला कधी उभं केलं नाही, तिथं या परक्या म्हाताऱ्यांनी मला न मागता उभं केलं.

ही गोष्ट मी आप्पांनाही सांगितली. गावात आता बैल उरले नाहीत, ट्रॅक्टर आहेत. आप्पा ओसरीत बसून असतात, मांडीवर जुना रुमाल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "रुमाल त्यानं टाकला?"

"न्हाई. मी टाकला."

"रुमाल टाकतो त्यो हेडी, माय," आप्पा म्हणाले आणि आईला चहा टाकायला सांगितला.

एवढंच. इतक्या वर्षांचं दुखणं, आणि म्हातारा एका वाक्यात तोडून मोकळा. इतक्या स्वस्तात सौदा करायची मला सवय नाही. मी चहा न पिता उठणार होते. प्यायले. पण समाधान झालं असं मी त्यांना सांगितलं नाही, आणि सांगणारही नाही.

आज सकाळी किशनराव आले. बाक एक वीत सरकला. पिशवीतली सीताफळं त्यांनी टेबलावर ठेवली, ज्वारीचं बजावलं, आणि समोर बसून हातावर रुमाल टाकला. मी रुमालाखाली हात घातला. त्यांचा हात कोरडा, उबदार. मी वाट बघत राहिले. त्यांनी एकही बोट धरलं नाही. पंजा नाही, काही नाही. नुसता हात माझ्या हातावर ठेवून दिला.

"कळलं का?" त्यांनी विचारलं.

"कळलं."

मी हात काढून घ्यायला लागले, तर त्यांनी सोडला नाही. दाराकडं एकदा बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "आता तुमचा सांगा."

"माझं काय," मी म्हणाले. "मी ठीक आहे."

म्हणाले आणि माझं मलाच हसू आलं. मग रुमालाखाली माझा हात उघडला. पंजाच धरणार होता तो, आप्पांनी दावं हातात दिलं तेव्हापासून तोच आकडा होता. पण मी दोन बोटं धरली. जरा थांबले, आणि त्यातलं एक सोडलं.

किशनरावांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. त्यांनी रुमाल उचलून खांद्यावर टाकला, फाइल काखेत मारली. बाहेरच्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "डॉक्टरसाहेब एकदम ठीक हायत." आणि जिवंत असल्याचं सांगायला बँकेकडे निघून गेले.